अनुभव धागा: पडद्यावर यावं असं संगीत नाटक

'कट्यार काळजात घुसली' रंगभूमीवर १९६७ मध्ये आलं, पडद्यावर २०१५ मध्ये. २०२५ मध्ये 'मानापमान'चीही पाळी आली. आता पुढचं कोणतं? बडोदेकरांनो, नुसती नावं नकोत. कुठे पाहिलंत, डोळ्यांसमोर काय राहिलंय ते लिहा. सुरुवात मीच करते.

माझं मत 'एकच प्याला'ला. नाटककार राम गणेश गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले आणि पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीने त्याचा पहिला प्रयोग केला तो आपल्या बडोद्यात. (आज नाटकातल्या दारुड्या तळीरामाला इथे, दारूबंदीच्या गुजरातेत, परमिट काढावं लागलं असतं.) मी ते कॉलेजात असताना पाहिलं, एका हौशी मंडळाचं. नायिका सिंधूपुढचं जातं थर्माकोलचं. तिने खुंटा धरून ओढल्याबरोबर वरची तळी हातात आली आणि पिठाच्या जागी ठेवलेली रांगोळी लुगडंभर सांडली. तरी कुणी हसलं नाही, कारण बाई गातच राहिली. सिनेमात हे जातं खरं हवं, दगडाचं. त्याची घरघर गाण्याखाली चालू राहावी आणि दळताना धाप लागते तशी गाताना लागावी. तिथे तान घेतलीत तर मी उठून जाईन.

पायपेटी: 'सौभद्र'. १८८२ चं नाटक, पदं शंभराच्या वर, म्हणून कुणी हात लावत नाही. दहा ठेवा, बाकीची सोडा! कृष्णाची लबाडी, अर्जुनाचं संन्याशाचं सोंग, भोळा बलराम. पटकथा आयतीच आहे. फक्त वन्समोअरचं काय करणार ते सांगा. आमचे आजोबा वन्समोअर देताना शेजारच्याच्या मांडीवर थाप मारायचे, मग तो ओळखीचा असो वा नसो. मोबाइलवर गाणं पुन्हा लावता येतं, पण गाणारा तुमच्याकडे बघून हसत पुन्हा सुरू करत नाही.

दांडिया बाजारची सून: मी माहेरची गुजराती, मराठी सासरी येऊन शिकले. 'संगीत देवबाभळी' सासूबाईंबरोबर पुण्यात पाहिलं. रंगमंचावर दोघीच, तुकोबांची बायको आवली आणि लखुबाई, म्हणजे विठोबाची रुक्मिणी. तुकोबा दिसत नाहीत, विठोबा दिसत नाही, आणि दोघींच्या तोंडी तेच दोघं. अर्धे शब्द मला कळले नाहीत, पण आवलीच्या पायातला काटा कळला. परत आल्यावर सासूबाई रुसल्यासारख्या गप्प होत्या. दुसऱ्या दिवशी सेव-उसळ खाताना त्यांनी स्वतःचा पाव काही न बोलता माझ्या ताटात ठेवला. सोळा वर्षांत पहिल्यांदा. सिनेमा करा, भंडाऱ्याचा डोंगर खरा दाखवा, पण विठ्ठल कॉम्प्युटरवर बनवू नका, प्लीज.

भुजंगनाथ: 'शारदा', १८९९. शाळेच्या स्नेहसंमेलनात मी तो म्हातारा नवरदेव होतो. गोंदाने चिकटवलेली मिशी ऐन मंगलाष्टकांत सुटली, मी ती खिशात घातली. जुनं म्हणून बाजूला सारू नका. मुलीचा सौदा करणारा बाप काही १८९९ बरोबर संपला नाही.

मागची रांग: मी विरुद्ध. खुद्द बालगंधर्वांनाही सिनेमा नीट पचला नाही. 'धर्मात्मा'त १९३५ मध्ये ते एकनाथ झाले. ज्यांच्या शालूची नक्कल बायका करायच्या, त्यांना पुरुषाच्या वेशात बघायला कोण जाणार? नाटक नाटकात राहू द्या.

धागाकर्ती: मागची रांग, भांडण प्रत्यक्ष भेटीत. दरम्यान आमचं मंडळ 'एकच प्याला'चा चौथा अंक बसवतंय. कुणाकडे खरं जातं आहे का?

पायपेटी: आमच्या माळ्यावर आहे. खुंटा नाही, तो करून घ्या. आणि दोन माणसं आणा, मागच्या वेळी मी एकट्याने उतरवायला गेलो होतो.