मोबाइल जप्त करून मारामाऱ्या थांबतील?

'शाळकरी मुलांचे मोबाइल काढून घ्या, मारामाऱ्या आपोआप थांबतील' हे मत मला अर्धंच पटतं. यात गृहीत असं धरलंय की भांडण मोबाइलमध्ये जन्मतं आणि मग मैदानावर उतरतं. शाळेतल्या दादागिरीवर आयुष्यभर काम केलेले नॉर्वेचे डॅन ओल्वेउस यांनी २०१२ मध्ये नॉर्वे आणि अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांच्या मोठ्या पाहण्यांवरून दाखवलं होतं की ऑनलाइन छळ सोसणारी बहुतेक मुलं समोरासमोरही छळली जात होती. नुसता ऑनलाइन त्रास असलेली मुलं थोडीच. (सायबरछळाचा बाऊ जास्त होतो असं त्यांचं म्हणणं. ते सगळ्यांनाच पटलं नाही, मलाही पूर्ण नाही.)

कारण मोबाइलमुळे एक गोष्ट नक्की बदलते: बघे वाढतात. मी नववी-दहावीच्या शिकवण्या घेते. एका मुलाला बुटका म्हणून वर्गात टपल्या पडायच्या, तो हसून सोडून द्यायचा. मग कुणीतरी त्याच टपलीचा व्हिडिओ इन्स्टाच्या स्टोरीवर टाकला, खाली 'काय भाई, फाटली का?' वगैरे. दुसऱ्या शाळेतली पोरं बसस्टॉपवर हसायला लागली तेव्हा त्याने एकाच्या हातात कंपासचं टोक खुपसलं. शाळेने 'आवाराबाहेरची भानगड' म्हणून हात झटकले, आणि घरच्यांनी रागाने त्याचा मोबाइल फॉरमॅट करून टाकला. स्टोरी २४ तासांत गेली होतीच. जे स्क्रीनशॉट त्याने जपून ठेवले होते तेही गेले. मारणारा तो एकटाच, एवढंच कागदावर उरलं.