मदत हवी आहे: मित्राची गाडी वळणात आपोआप जाते, माझी ढकलावी लागते. सस्पेन्शनवर खर्च करू की नको?

मंडळी, प्रश्न लांबलचक आहे, पण अर्धवट माहिती दिली की "आधी अमुक तपासलं का" असेच प्रतिसाद येतात म्हणून सगळं एकदाच टाकतोय.

माझ्याकडे चारशे सीसीच्या आसपासची नेकेड (पुढे फेअरिंग नसलेली) मोटरसायकल आहे. पुढे साधे टेलिस्कोपिक फोर्क, त्यांना ॲडजस्ट करायला काहीच नाही, मागे लिंकवाला (मधे जोडदांडे असलेला) मोनोशॉक, म्हणजे एकच शॉकअप, आणि त्याला फक्त सात पायऱ्यांचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंग आधीच किती आवळून ठेवायची ते. तीसेक हजार किलोमीटर झालेत. जॅकेट, बूट, हेल्मेट सगळं धरून माझं वजन ९५ किलोच्या आसपास भरतं. बहुतेक वेळा एकटाच असतो, मधूनमधून मागे बायको आणि सामान.

झालं असं की मित्राने त्याच वर्गातली दुसऱ्या कंपनीची गाडी घेतली, पुढे अपसाइड डाउन फोर्क, व्हीलबेस माझ्यापेक्षा थोडा कमी, वजनालाही हलकी. वळणांच्या रस्त्यावर आम्ही गाड्या बदलून चालवल्या आणि तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. त्याची गाडी नुसतं बघितलं तिकडे जाते, मधेच लाइन बदलायची असली तरी कुरकुर नाही. माझी आत जायला थोडा हट्ट करते, मग एकदम झोपते, आणि वळणातून बाहेर पडताना थ्रॉटल दिला की रुंद जायला लागते, म्हणजे मला आतल्या हँडलवर सतत दाब धरून ठेवावा लागतो. लांब वळणात वेगात असताना मधे एखादा उंचवटा लागला की मागचं चाक दोन-तीनदा वरखाली होतं आणि मगच गाडी शांत होते. ब्रेक जोरात दाबला की पुढून डाइव्ह मारते, म्हणजे खाली बसते, पण तळाला आपटत नाही. फोर्कला झिप टाय बांधून बघितलाय, कचकचीत ब्रेकिंगनंतरही साधारण १५ मिमी शिल्लक राहतात. उलट छोट्या धारदार खड्ड्यात मात्र हँडलला खाडकन झटका बसतो, हे मला अजिबात कळलेलं नाही, एकाच वेळी मऊ पण आणि कडक पण कसं असू शकतं?

सॅग, म्हणजे वजनाने सस्पेन्शन किती खाली बसतं ते, मोजलाय. मागचा प्रीलोड शेवटच्या पायरीवर ठेवूनसुद्धा मी बसल्यावर ४८ मिमी बसते, आणि मी नसताना नुसत्या गाडीच्या वजनाने जेमतेम २ मिमी. मागचा एकूण ट्रॅव्हल, म्हणजे चाक जास्तीत जास्त किती वरखाली होऊ शकतं ते, १३० आहे. पुढचा सॅग ४०, ट्रॅव्हल १२०.

तर प्रश्न असा की फोर्कच्या स्प्रिंग आणि मागचा शॉकअप असं दोन्ही बदलण्यात अर्थ आहे का, एकच करायचं तर कुठलं, की हा सगळा पैसा बाजूला ठेवून सरळ मित्रासारखी गाडी घ्यावी? गाडी मला आवडते, इंजिन मक्खन आहे, विकायचं जिवावर येतं. आणि हो, "चालवायला शिक" हा प्रतिसाद चालेल पण कारण द्या.

प्रतिसाद:
विका. चारशेच्या गाडीवर भारीतला शॉकअप म्हणजे नाकापेक्षा मोती जड. नंतर गाडी विकताना त्याचा एक रुपया कोणी जास्त देत नाही.

प्रतिसाद:
वरच्याशी सहमत नाही, निदान इतक्या घाईने नाही. धागाकर्त्याने सॅग मोजलाय म्हणजे अर्धं निदान त्यानेच केलंय, फक्त आकडे वाचायचे राहिलेत.

मागचं बघा. रस्त्यावरच्या गाडीला बसल्यावरचा सॅग ट्रॅव्हलच्या पाव ते तिसऱ्या हिश्शाइतका धरतात, म्हणजे तुमच्या १३० ला ३५ ते ४० पर्यंत ठीक. तुमचा ४८. पण खरी गंमत दुसऱ्या आकड्यात आहे. प्रीलोड पूर्ण आवळूनसुद्धा स्वार बसला की जास्त बसते आणि स्वार उतरला की गाडी जवळजवळ वरच्या टोकाला जाऊन टेकते, याचा सरळ अर्थ स्प्रिंग तुमच्या वजनाला मऊ आहे. प्रीलोडने स्प्रिंग कडक होत नाही हो, हा फार मोठा गैरसमज आहे, साध्या सरळ रेटच्या स्प्रिंगला प्रीलोड फक्त गाडी किती उंचीवर उभी राहील तेवढंच ठरवतो. पुढचा प्रत्येक मिलिमीटर दाबायला लागणारं वजन तेवढंच राहतं. फॅक्टरीतून येणारी स्प्रिंग तुमच्यापेक्षा बऱ्यापैकी हलका माणूस डोळ्यासमोर ठेवून बसवलेली असते, त्यात गाडी वाईट आहे असं काही नाही.

आता हे हँडलिंगला कसं लागतं ते बघा. मागून १२-१३ मिमी जास्त बसली आणि व्हीलबेस १४०० च्या आसपास धरला तर अख्खी गाडी साधारण अर्ध्या अंशाने मागे कलते. म्हणजे रेक (स्टीअरिंगचा उभ्या रेषेपासूनचा कल) अर्धा अंश वाढला, ट्रेल (स्टीअरिंगची रेषा जमिनीला लागते तिथून चाक टेकतं तिथपर्यंतचं अंतर) तीनेक मिमी वाढला. ऐकायला काहीच नाही, पण दोन वेगळ्या गाड्यांच्या रेकमध्ये कित्येकदा एखाद्या अंशाचाच फरक असतो. त्यात बाहेर पडताना थ्रॉटल दिला की वजन मागे जातं, मऊ स्प्रिंग अजून बसते, पुढचं चाक हलकं होतं आणि गाडी रुंद जाते. तुमचं वर्णन याला तंतोतंत जुळतं. मित्र वजनाने हलका असेल तर त्याला तुमच्या गाडीवर हे इतकं जाणवणारही नाही, विचारून बघा.

दोन-तीनदा उसळणं हा मात्र स्प्रिंगचा प्रश्न नाही, तो रिबाउंड डॅम्पिंगचा, म्हणजे दाबलेली स्प्रिंग परत उघडताना तिला आवरण्याचा. गाडी उभी धरून सीटचा मागचा भाग जोरात खाली दाबा आणि सोडा. एकदा वर येऊन थांबली पाहिजे. डुलत राहिली तर आतलं ऑइल आणि गॅस दमलेत. म्हणूनच नुसती कडक स्प्रिंग जुन्या शॉकअपवर चढवू नका. जास्त ताकदीची स्प्रिंग तितक्याच जोरात परत फेकणार आणि तिला आवरायला डॅम्पिंग नाही, मग आत्ता दोनदा उसळते ती चारदा उसळेल. करायचं तर पूर्ण शॉकअप, आणि असा की जो उघडून सर्व्हिस करता येतो. बहुतेक मूळ शॉकअप सीलबंद असतात, त्यांचं फार काही करता येत नाही.

प्रतिसाद:
सगळं बरोबर पण टायरबद्दल कोणीच का विचारत नाहीये? "आत जायला हट्ट करते मग एकदम झोपते" हे वाक्य वाचल्या वाचल्या मला मधे चपटा झालेला टायर दिसला. सरळ हायवे जास्त असेल तर मागच्या टायरचा मधला भाग झिजतो आणि कडेला एक धार तयार होते, गाडी कलताना त्या धारेवर चढते आणि मग धपकन पलीकडे जाते. मित्राची गाडी नवी म्हणजे टायरही नवेच असणार. नव्या टायरच्या गाडीशी घासलेल्या टायरच्या गाडीची तुलना करून सस्पेन्शनला दोष देणं म्हणजे वड्याचं तेल वांग्यावर काढणं झालं. हवा पण थंड टायरला, मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे भरून बघा. पुढे चार-पाच पीएसआय कमी असली तरी हँडल जड लागतं.

आणि कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग! पुढचं चाक हवेत उचलून हँडल अगदी हळू डावीकडून उजवीकडे न्या. बरोबर मधे आल्यावर खट्कन अडकल्यासारखं वाटलं तर बेअरिंगमध्ये खाच पडलीये, अशी गाडी सरळ रेषेतही बारीक बारीक डोलते आणि वळणात शिरायला नको म्हणते. मग फोर्कचे खालचे पाय धरून मागेपुढे हलवा, खटखट आली तर ढिलं आहे. स्विंगआर्मला (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याला) आडवा धक्का द्या, बुश गेले असतील तर लगेच कळतं. हे सगळं तासाभराचं काम आहे.

धागाकर्ता:
बापरे, भरपूर माल मिळाला. आत्ताच खाली जाऊन बघून आलो. मागचा टायर मधे चपटा आहे, बोट फिरवलं की दोन्ही बाजूंना कड लागते. कोनसेट गुळगुळीत, खाच नाही. स्विंगआर्म ठीक. सीट दाबून सोडली तर अडीच वेळा डुलते, म्हणजे तिसऱ्यांदा अर्धवट येऊन थांबते. मित्राला पण विचारलं, तो ७० किलोचा आहे आणि त्याला माझी गाडी "थोडी आळशी पण ठीक" वाटली होती. रुंद जाण्याबद्दल काही बोलला नाही.

पुढच्या फोर्कचं मात्र कोणी बोललंच नाही. मऊ पण आणि कडक पण, ते कसं?

प्रतिसाद:
ते मी सांगतो, माझा आवडता विषय. साध्या फोर्कमध्ये आत डॅम्पर रॉड असतो, म्हणजे भोकं पाडलेली नळी, आणि ऑइल त्या ठरावीक भोकांतून ढकललं जातं. भोक तेवढंच राहतं त्यामुळे अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. फोर्क हळू दाबला जातो तेव्हा, म्हणजे ब्रेक मारल्यावर, ऑइल आरामात निसटतं आणि डाइव्ह होतो. धारदार खड्ड्यात फोर्कला एकदम वेगाने आत जायचं असतं, तेवढं ऑइल त्या भोकातून जाऊच शकत नाही, फोर्क क्षणभर लोखंडी दांडा होतो आणि झटका तुमच्या मनगटात. म्हणून दोन्ही तक्रारी एकाच वेळी खऱ्या.

आता बरेच मेकॅनिक यावर जाड ऑइल घालतात. डाइव्ह थोडा कमी होतो, झटका मात्र वाढतो, कारण दोन्हीकडे तेच ऑइल. नीट उपाय म्हणजे कार्ट्रिज एम्युलेटर, तो स्प्रिंगखाली डॅम्पर रॉडच्या डोक्यावर बसतो, रॉडची भोकं मोठी करतात आणि मग कॉम्प्रेशनचं काम त्याचा स्प्रिंगवाला व्हॉल्व्ह करतो, जोरात धक्का आला की तो उघडतो. पण तुमचा सॅग ४०, ट्रॅव्हलच्या तिसऱ्या हिश्शाइतका, आणि तळाला १५ मिमी शिल्लक, म्हणजे पुढची स्प्रिंग फार चुकीची नाही. मी तुमच्या जागी असतो तर आधी नुसतं फोर्क ऑइल बदललं असतं, तीस हजारांत एकदाही बदललं नसेल तर ते राखाडी पाणी झालं असणार. घेताना एक बघा, बाटलीवरचं १०डब्ल्यू प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, ४० अंशाला सेंटिस्टोक्स (ऑइलच्या जाडपणाचं माप) किती ते जुळवा. ऑइलची पातळीही मोजून, कारण वरच्या हवेची पोकळी शेवटच्या टप्प्यात दुसऱ्या स्प्रिंगसारखी वागते.

आणि डाइव्हला इतकं घाबरू नका. पुढून बसली की रेक कमी होतो आणि गाडी वळणात शिरायला सोपी जाते, बऱ्याच जणांना तेच आवडतं. बीएमडब्ल्यूने १९९३ मध्ये टेलिलिव्हर नावाचं वेगळ्या जोडणीचं पुढचं सस्पेन्शन आणून डाइव्ह जवळजवळ काढूनच टाकला, तर काही लोक म्हणायला लागले की पुढचं चाक काय करतंय ते हाताला कळत नाही. फक्त वळणात शिरताना ब्रेक फटकन सोडू नका, हळूहळू सोडा, नाहीतर दाबलेला फोर्क उसळून वर येतो आणि गाडी त्याच क्षणी रुंद जाते. हा तुमचा "चालवायला शिक" प्रतिसाद, कारणासकट.

प्रतिसाद:
एक भर. शॉकअपने गाडीचा स्वभाव बदलत नाही हे डोक्यात ठेवून खर्च करा. व्हीलबेस, वजन, फ्रेमचा ताठरपणा जिथे आहे तिथेच राहणार. नॉर्टनची फेदरबेड फ्रेम १९५० मध्ये आली आणि तिच्या हँडलिंगचं नाव इतकं झालं की पुढे लोक त्या फ्रेममध्ये ट्रायम्फचं इंजिन घालून गाड्या बनवायला लागले. कोणी ट्रायम्फला नुसते भारी शॉकअप लावून समाधान मानलं नाही. मित्राच्या गाडीचा चटपटीतपणा थोडा व्हीलबेसचा आणि हलकेपणाचा आहे, तो विकत मिळणार नाही. रुंद जाणं आणि उसळणं मात्र जाईल.

धागाकर्ता:
समजलं. मग क्रम असा ठरवतोय: आधी टायर, फोर्क ऑइल, हवा. तेवढ्यावर चालवून बघणार, आणि मित्राच्या गाडीवर पुन्हा बसणार. टायरने आत शिरण्याचा हट्ट गेला तर ती तक्रार यादीतून बाद. रुंद जाणं आणि उसळणं टायरने जाईल असं मला आता वाटत नाही, म्हणून मागचा शॉकअप घ्यायचाच धरून चालतोय. फोर्कच्या स्प्रिंगला सध्या हात नाही. शेवटचं एकच, ऑर्डर करताना वजन कुठलं सांगू, एकट्याचं की बायको आणि सामान धरून? आणि शॉकअप थोडा लांब मागवला तर मागून उंच होईल ना, फायदाच की.

प्रतिसाद (सॅगवाला):
एकट्याचं, पण पूर्ण गिअरसकट, म्हणजे ९५. जे जास्त वेळ चालवता त्याला स्प्रिंग, आणि कधीतरीच्या मागच्या सीटसाठी हाताने फिरवायचा हायड्रॉलिक प्रीलोड मिळत असेल तर तो घ्या. दोघांचं धरून स्प्रिंग घेतली तर एकटे असताना लाकडी पाटावर बसल्यासारखं होईल.

लांबी मूळचीच ठेवा. लिंक असल्यामुळे शॉकअपला ५ मिमी वाढवलं की चाकापाशी दहाच्या वर जातं, साइड स्टँडवर गाडी जास्त कलते, चेनचा ढिलेपणा बदलतो, आणि जास्त झालं तर सरळ रस्त्यावर हँडल वळवळायला लागतं. योग्य स्प्रिंगने तुमची मागची उंची तशीही १० मिमीच्या वर परत येणार आहे, आधी ती चालवून बघा. बसवल्यावर सॅग पुन्हा मोजा, ३५-३८ ला लावा, आणि तेव्हा नुसत्या गाडीचा सॅग किती येतो ते इथे टाका. ५ ते १० आला तर स्प्रिंग बरोबर बसली.