मदत हवी आहे: मेंदू नाही, मग ब्रिटल स्टारला चालवतं कोण?

नमस्कार मंडळी. मी एमएस्सी प्राणिशास्त्र, पहिलं वर्ष. अमावस्येच्या ओहोटीला मालवणच्या खडकात एक दगड उलटला, तर खाली ब्रिटल स्टार, म्हणजे तारामाशाचा लांब हातांचा नातेवाईक. मधली चकती शर्टाच्या बटणाएवढी, हात मात्र चांगले बोटभर. तारामाशाचे हात चकतीतूनच फुटल्यासारखे दिसतात, इथे बटणाला पाच शेपट्या शिवल्यासारखं. उचलायला गेले तर एक हात माझ्याकडे सोडून गडी चार हातांवर सटकला. तुकडा तळव्यावर वळवळतोय, पालीच्या शेपटीसारखा!

अडचण अशी की आमच्या नोट्समध्ये तोंडाभोवतीचं चेतावलय (चेतातंतूंचं कडं) म्हणजे 'मेंदूच' असं लिहिलंय. मग वलयापासून सुटलेला हात कुणाच्या हुकमावर हलत होता? आणि पाचांतला कोणता हात पुढे, हे कोण ठरवतं? परवा सेमिनार आहे. (दगड होता तसा परत ठेवला, ओरडू नका.)

प्रतिसाद:
नोट्समधलं ते वाक्य आधी खोडा. प्रत्येक हातात कॅल्साइटच्या मणक्यांची माळ असते. तिच्या खालून चेतारज्जू जाते आणि दर मणक्यागणिक जराशी फुगते. त्या फुगवट्यात चेतापेशींचा पुंजका असतो, म्हणून हात बरंचसं आपलं आपण निभावतो. रज्जूचा आतला, हायपोन्यूरल थर मणक्यांमधले स्नायू हलवतो. तारामाशात तो किरकोळ, इथे दणकट.

वलय म्हणजे पाच हातांना जोडणारी तार. एखाद्या हाताच्या दोन्ही बाजूंनी ते कापलं तर तो हात हलतो, पण बाकीच्यांशी ताल जुळत नाही.

पुढारी कायमचा नसतो. ऑफिओकोमा एकायनेटा या ब्रिटल स्टारच्या जातीवरचं हेन्री अ‍ॅस्टली यांचं २०१२ चं काम बघा. एक हात पुढे रोखलेला, शेजारचे दोन वल्ह्यांसारखे चालतात. दिशा बदलायची तर अंग वळवायची भानगडच नाही, दुसरा हात पुढारी होतो. याच जातीला दिवे मंद झाले की खाणं मिळतं हे शिकवता आलं, तो निबंध २०२३ चा. खाणं नसतानाही नुसत्या अंधाराला ते प्राणी लपलेल्या जागेतून बाहेर येऊ लागले.

सेमिनारच्या आकृतीत मॅड्रेपोराइट (जलसंस्थेची चाळणीसारखी तबकडी) कुठे दाखवलंय?

धागाकर्ती:
खूप आभार! वरच्या बाजूला, तारामाशासारखं.

प्रतिसाद:
खाली घ्या, तोंडाच्या बाजूला. आणि गुदद्वार काढलं असेल तर तेही खोडा, ब्रिटल स्टारला ते नसतंच.

धागाकर्ती:
काढलंय. तेही पेनाने.