वडिलांच्या खात्याला नाव लावायचंय, बँक नाही म्हणते. मदत हवी आहे

कडक_भाकरी
वडिलांच्या सेव्हिंग खात्याला माझं नाव लावायचंय. फॉर्म दिला, दोघांचे आधार-पॅन दिले, फोटो दिले. काउंटरवर म्हणतात ‘होत नाही’. का, तर ‘सिस्टीम घेत नाही’. माझ्या मित्राचं त्याच शाखेत लगेच झालं. बँक वरच्या मजल्यावर, वडिलांना जिना चढवत नाही. सोमवारी परत जायचंय, लवकर सांगा.

विजापूर_वेस
वडील सही करतात का अंगठा? केवायसी जुनी असली तरी अडतं.

शेंगा_चटणी
नाव कशाला लावता, नॉमिनी लावा की. 1 नोव्हेंबर 2025 पासून चार नॉमिनी चालतात.

कडक_भाकरी
नॉमिनी मीच आहे. मला आत्ता दवाखान्याला पैसे काढायचेत. सही व्यवस्थित करतात.

पत्रा_तालीम
सरळ रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार टाका. सुतासारखे सरळ होतात.

विजापूर_वेस
अहो, आधी बँकेकडे लेखी तक्रार द्यावी लागते. उठसूट लोकपाल काय!

बाळीवेसकर
वडील नोकरी कुठं करायचे?

कडक_भाकरी
रेल्वेत, सोलापूर डिव्हिजन. त्याचा इथं काय संबंध?

बाळीवेसकर
संबंध तिथंच आहे की राव! पेन्शन ह्याच खात्यात येत असणार. केंद्राच्या पेन्शनरचं खातं जॉइंट होतं ते फक्त नवरा-बायकोचं, तेही पीपीओत, म्हणजे पेन्शनच्या आदेशात, फॅमिली पेन्शनसाठी ज्याचं नाव आहे त्याच्याबरोबर. मुलाचं नाव लागत नाही. तुमच्या मित्राचं साधं खातं असेल. आई आहेत का? त्यांचं नाव लावून घ्या, पुढं फॅमिली पेन्शनला नवं खातं काढायची कटकट राहत नाही. तुम्ही दोघं दुसरं साधं खातं काढा, आयदर ऑर सर्व्हायव्हर, म्हणजे दोघांपैकी कुणीही पैसे काढू शकतो. पेन्शन जमा झाली की ठरावीक रक्कम तिकडं वळवायची स्टँडिंग इन्स्ट्रक्शन द्या.

पत्रा_तालीम
आयदर अजिबात नको. आमच्या नात्यात एकानं असंच खातं रिकामं केलं, बहिणी अजून बोलत नाहीत. फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर करा.

बाळीवेसकर
त्यात वडील असेपर्यंत मुलाला हात लावता येत नाही. मग दवाखान्याचे पैसे कोण काढणार, तुम्ही?

विजापूर_वेस
पत्रा तालीम, तुमच्या नातेवाइकांचा राग ह्यांच्यावर काढू नका. पण बहीण असेल तर तिच्या कानावर घाला. खात्यात नाव आहे म्हणून वडिलांच्या माघारी सगळा पैसा एकट्याचा होत नाही, वारसांचा हक्क राहतोच.

शेंगा_चटणी
एफडी करणार असाल तर पहिलं नाव वडिलांचंच ठेवा. ज्येष्ठांचं जादा व्याज पहिल्या नावावर मिळतं, टीडीएसही त्याच पॅनवर कापतात. आणि नोव्हेंबरात हयातीचा दाखला विसरू नका, आता मोबाईलवर चेहरा दाखवून घरबसल्या होतो.

कडक_भाकरी
एफडीचं कोणी विचारलं? एवढं काउंटरवर एका वाक्यात सांगता आलं असतं. आई आहे, पण तिला एटीएमची भीती वाटते, म्हणून तर माझं नाव. ठीक आहे, नवीन खातं काढतो. त्यासाठी वडिलांना परत जिना चढवायचा का?

बाळीवेसकर
वय किती? सत्तरीच्या पुढं असतील तर घरपोच सेवा मागा, रिझर्व्ह बँकेनंच बँकांना सांगितलंय. अर्ज लेखी द्या, पोच घ्या.

कडक_भाकरी
76.

पत्रा_तालीम
मग तर लोकपालच.