वाङ्मयचौर्य, उचलेगिरी की ढापणे?

एक रहस्यकथा लिहिते आहे. विद्यापीठातले एक मार्गदर्शक दिवंगत विद्यार्थ्याच्या वहीतलं संशोधन स्वतःच्या नावाने छापतात आणि त्याच्या बहिणीला ते पुस्तक सापडतं. ती म्हणते, 'सर, हे वाङ्मयचौर्य आहे.' वाक्य कानाला खोटं वाटतं. दुसरा शब्द सुचवाल का?

—

शब्द बरोबर आहे, तोंड चुकलंय. 'वाङ्मयचौर्य' चौकशीच्या अहवालात शोभतो. संतापलेली बहीण म्हणेल, 'सर, तुम्ही त्याची वही ढापलीत.' 'उचलणे' त्याहून सौम्य. परिच्छेद उचलतात, कल्पना उचलतात. अख्खी वही मात्र ढापतात. मला सगळ्यात नेमकं वाटतं ते 'स्वतःच्या नावावर खपवणे'. खोटं नाणं खपवतात तसं. चोरीनंतर वर्षानुवर्षं चालवलेलं खोटंही त्यात येतं आणि तुमची कथा त्या खोट्याचीच आहे.

अहवालात लिहाल तेव्हा 'वाङ्मय' असंच लिहा: वाक् + मय. 'वाङमय' नको.

—

'उचलेगिरी' टाळा, ही कळकळीची विनंती. 'उचल्या' आणि 'भामटा' ही माणसांच्या समाजांचीही नावं आहेत. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने त्यांच्यावर जन्मतःच चोरीचा शिक्का मारला. १९५२ साली कायदा गेला, शिक्का बोलण्यात राहिला. प्राध्यापकाच्या चोरीला त्यांचं नाव कशाला?

—

अहवालाबद्दल थोडं. विद्यापीठ अनुदान आयोगाचे याविषयीचे नियम २०१८ चे आहेत. त्यात मोजमाप इतरांच्या मजकुराशी असलेल्या साम्याचं आहे: १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, प्रबंधात ६० टक्क्यांवर गेलं तर नोंदणी रद्द. म्हणून समितीच्या तोंडी आधी 'साम्य' येईल, 'चौर्य' फार उशिरा. आणि हे साम्य शोधणाऱ्या संगणकाला फक्त त्याच्या साठ्यातल्या मजकुराशीच तुलना करता येते. कपाटातली हस्तलिखित वही त्याला कुठून दिसणार? साम्य शून्य येईल, सर निर्दोष ठरतील.

मग बहिणीच्या हाती काय उरतं? सातव्या शतकात संस्कृत लेखक बाणभट्टाने हर्षचरिताच्या आरंभी लिहिलंय की, दुसऱ्याचे वर्ण फिरवून आणि रचनेच्या खुणा लपवून लिहिणारा कवी, कोणी न सांगताही जाणकारांमध्ये चोर म्हणून ओळखला जातो. त्याचा शब्द आहे 'बन्धचिह्ननिगूहन'. बन्ध म्हणजे रचना, चिह्न म्हणजे खूण, निगूहन म्हणजे लपवणं. पुढे राजशेखराने काव्यमीमांसा या काव्यशास्त्रावरच्या ग्रंथात शब्दहरण आणि अर्थहरण यांवर स्वतंत्र अध्याय लिहिले. ज्याला लपवता येतं तो निंदेवाचून सुखात राहतो, असंही तो म्हणतो. तुमचे सर राजशेखराच्या भरवशावर आहेत; बहिणीने बाणाची बाजू घ्यावी. भावाची एखादी लकब, तो नेहमी चुकवायचा तो एखादा शब्द, पुस्तकात तसाच राहून गेलेला असू द्या.

—

सापडलं. भाऊ 'वाङमय' असंच लिहायचा. पुस्तकात सरांनी सगळीकडे दुरुस्त केलंय, एका तळटीपेत राहिलंय. ती पुस्तक उघडून त्यांच्यासमोर ठेवते आणि म्हणते, 'सर, हे कुणाचं?'