पेट्रोल पंपावरील व्हीआरएस (व्हेपर रिकव्हरी सिस्टीम, म्हणजे पेट्रोलची वाफ हवेत न सोडता परत घेणारी यंत्रणा) खरोखर चालू आहे की नाही, हे बाहेरून कसे ओळखावे?

गोदाकाठ:

आमची सोसायटी नाशिकमध्ये एका पेट्रोल पंपाला लागून आहे. हा पंप २०२१ नंतर सुरू झालेला असून त्याच्या दर्शनी भागावर ‘व्हेपर रिकव्हरी सिस्टीम बसविलेली आहे’ असा फलक आहे. असे असूनही टँकर खाली होत असताना, विशेषतः एप्रिल-मे महिन्यांत, तळमजल्यावरील घरांमध्ये पेट्रोलचा उग्र वास अर्धा-पाऊण तास भरून राहतो. एरवी दिवसभर तो जाणवण्याइतका नसतो. व्यवस्थापकांना विचारले असता “पेट्रोल म्हटले की वास यायचाच” एवढेच उत्तर मिळाले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी २०२० मध्ये नव्या पंपांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या, हे मला माहीत आहे. दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरात महिन्याला १०० किलोलिटर पेट्रोल विकण्याची क्षमता असलेल्या नव्या पंपाला ही यंत्रणा बसवावी लागते, असे त्यांत म्हटले आहे. यंत्रणा बसवलेली असेल, तर हा वास कोठून येतो? आणि ती चालू आहे की नुसती शोभेला आहे, हे आमच्यासारख्या बाहेरच्या माणसाला पाहता येईल का?

पाचलिटरी:

मी काही वर्षे पंपांवरील डिस्पेन्सरच्या (वाहनांत पेट्रोल भरणाऱ्या यंत्राच्या) देखभालीचे काम केले आहे. आपण वासाची वेळ लिहिली, त्यामुळे निदान बरेच सोपे झाले.

जमिनीखालची टाकी रिकामी होते तेव्हा पेट्रोलच्या जागी हवा आणि वाफ यांचे मिश्रण भरते. टँकरमधून नवा माल खाली येऊ लागला की तेवढ्याच आकारमानाचे हे मिश्रण टाकीबाहेर ढकलले जाते, आणि त्याला दुसरी वाट दिली नाही, तर ते व्हेंट पाइपमधून, म्हणजे टाकीतील हवा बाहेर सोडणाऱ्या उभ्या नळीतून, थेट हवेत जाते. व्हेंटचे तोंड उंचावर असले, तरी पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असल्यामुळे वारा पडलेला असताना ती खाली उतरते आणि जमिनीलगत पसरते. तळमजल्यालाच त्रास होतो, याचे कारण हे आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या सरासरीनुसार कोणतेही नियंत्रण नसताना, भरण्याची नळी टाकीच्या तळापर्यंत नेलेली असली तरीही, प्रत्येक लिटरमागे सुमारे ०.८८ ग्रॅम वाफ बाहेर पडते. म्हणजे १२ किलोलिटरचा एक टँकर खाली होताना साडेदहा किलोच्या आसपास वाफ हवेत जाते. तीच वाफ दुसऱ्या होजने टँकरमध्ये परत घेतली, तर हे प्रमाण लिटरमागे ०.०४ ग्रॅम, म्हणजे संपूर्ण टँकरमागे अर्धा किलोपर्यंत उतरते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे आकडे कमी नव्हे, जास्तच असणार.

त्यामुळे नोझलकडे पाहू नका, टँकरकडे पाहा. माल उतरत असताना टँकर आणि जमिनीवरील फिल पॉइंट (टाकीत माल ओतण्याची जागा) यांच्यामध्ये दोन होज जोडलेले दिसले पाहिजेत: एक मालाचा आणि दुसरा वाफ परत नेणारा. दुसरा होज टँकरच्या बाजूच्या नळकांड्यातच पडून असेल, तर टाकीतील वाफेला व्हेंटशिवाय वाट उरत नाही. याहून वारंवार दिसणारा प्रकार म्हणजे होज दोन्ही जोडलेले असतात, पण माल लवकर उतरावा म्हणून चालक टँकरच्या वरचे झाकण सैल करतो. झाकण उघडे असले की टँकर बाहेरची हवा ओढून घेतो, टाकीतील वाफ त्याच्याकडे जातच नाही आणि जोडलेला होज निरुपयोगी ठरतो. माल उतरताना डिप घेण्याचे (पट्टी बुडवून टाकीतील साठा मोजण्याचे) तोंड उघडे ठेवले, तरी वाफ तेथून निघते. व्हेंटच्या टोकावरील प्रेशर-व्हॅक्यूम झडप (दाब ठरावीक मर्यादेबाहेर गेला तरच उघडणारी) अडकून उघडी राहिलेली असेल, तर बाकी सगळे नीट असूनही गळती होते. पण ती तपासणे तंत्रज्ञाचे काम आहे.

पंपचालक विदर्भ:

वरील माहिती बरोबर आहे, पण पंपचालकाची बाजूही नोंदवली पाहिजे. ही वाफ आम्हांला हवेत सोडायची नसते, कारण तो आमचाच माल असतो. वाहनाच्या टाकीत पेट्रोल भरताना नियंत्रण नसल्यास लिटरमागे सुमारे १.३ ग्रॅम वाफ बाहेर पडते. महिन्याला १५० किलोलिटर विक्री असेल, तर हे जवळजवळ दोनशे किलो होतात. व्हीआरएसचे नोझल ही वाफ पंपाच्या टाकीत परत आणते. विकलेल्या पेट्रोलच्या जागी बाहेरची कोरडी हवा न येता वाफच आल्यामुळे टाकीतील पेट्रोल आणखी उडत नाही, आणि माझ्या मते वाचलेल्या मालापैकी मोठा भाग हाच असतो.

अडचण नोझलच्या तोंडाशी येते. एकात एक अशा दोन नळ्यांचा होज, टोकाजवळची बारीक छिद्रे आणि डिस्पेन्सरमधला निर्वात पंप ही सगळी रचना नोझल वाहनाच्या टाकीत खोल बसेल असे गृहीत धरून केलेली आहे. चारचाकीत ते बसते. दुचाकीची टाकी उथळ असते, ग्राहकाला पेट्रोल पडताना डोळ्यांनी पाहायचे असते, आणि पंपावरचा मुलगा नोझल टाकीच्या तोंडावर अधांतरी धरून उभा राहतो. अशा वेळी निर्वात पंप वाफेऐवजी बाहेरची हवाच ओढतो. आमच्याकडे बहुतांश ग्राहक दुचाकीवाले आहेत, हे यंत्रणा ठरवताना कोणी विचारात घेतले होते, असे मला वाटत नाही. त्यातच ऑटो-कट झाल्यावरही (टाकी भरून नोझल आपोआप बंद पडल्यावरही) “राउंड फिगर करा” असा आग्रह असतो. त्यामुळे वाफेच्या नळीत द्रव पेट्रोल शिरते, ती तुंबते, आणि दुरुस्तीसाठी कंपनीच्या ठेकेदाराची वाट पाहत बसावे लागते.

हडसनकाठचा:

मी न्यू जर्सीमध्ये राहतो, आणि येथे ही गोष्ट उलट्या दिशेने घडलेली पाहिली. येथील नोझलांवर पूर्वी रबराचा जाड, घडीदार बूट असे आणि तो गाडीच्या टाकीच्या तोंडावर घट्ट दाबून धरावा लागे. आता ते दिसत नाहीत. १९९८ च्या मॉडेलपासून अमेरिकेत टप्प्याटप्प्याने मोटारींमध्येच सक्रिय कोळशाचा मोठा डबा बसवणे सक्तीचे झाले. पेट्रोल भरताना निघणारी वाफ त्या डब्यात शोषली जाते आणि नंतर इंजिनात जळते. अशा मोटारी पुरेशा झाल्यावर पर्यावरण संस्थेने मे २०१२ मध्ये पंपावरील दुसऱ्या टप्प्याच्या, म्हणजे वाहनात पेट्रोल भरताना निघणारी वाफ नोझलने परत घेणाऱ्या, यंत्रणेची अट काढून घेण्याची मुभा राज्यांना दिली. याला एक तांत्रिक कारणही होते: मोटारीतूनच वाफ बाहेर येत नसेल, तर नोझलचा निर्वात पंप शुद्ध हवा ओढून ती जमिनीखालच्या टाकीत भरतो, तेथे पेट्रोल अधिक उडते, दाब वाढतो आणि व्हेंटमधून जास्तच वाफ निघते. कॅलिफोर्नियाने मात्र सुधारित स्वरूपात ही यंत्रणा चालू ठेवली. युरोपने २००९ च्या निर्देशाने पंपावरील यंत्रणेचाच मार्ग धरला आणि परत घेतलेली वाफ व भरलेले पेट्रोल यांचे गुणोत्तर ०.९५ ते १.०५ यांच्या दरम्यान ठेवण्याची अट घातली.

भारतात बीएस-६ च्या गाड्यांमध्येही कोळशाचा डबा असतो, पण तो प्रामुख्याने उभ्या गाडीतून उडणाऱ्या वाफेसाठी असतो. इंधन भरतानाची वाफ पकडण्याची सक्ती तेथे झालेली नाही. म्हणून तूर्त पंपावरील यंत्रणेला पर्याय नाही, आणि दुचाकींची अडचण खरी असली, तरी ती टँकरच्या दुसऱ्या होजला लागू होत नाही.

गोदाकाठ:

सर्वांचे आभार. परवा टँकर आला तेव्हा गच्चीवरून पाहिले. होज एकच जोडलेला होता आणि वरचे एक झाकण उघडे होते. आमच्या इमारतीत लहान मुले आहेत, आणि पेट्रोलमधील बेंझिन हे कर्करोगकारक ठरलेले द्रव्य आहे, त्यामुळे आता हे प्रकरण सोडायचे नाही असे सभेत ठरले आहे. तक्रार कोणाकडे करावी?

पाचलिटरी:

पहिले पत्र संबंधित तेल कंपनीच्या विभागीय कार्यालयाला द्या, कारण टँकरचा वाहतूकदार आणि पंप या दोघांवरही तिचे नियंत्रण असते. प्रत पंपचालकालाही द्या. माल उतरवताना झाकण उघडे ठेवणे हा सुरक्षेचाही विषय असल्यामुळे दुसरे पत्र पेसोला (पेट्रोलियम व स्फोटकांच्या सुरक्षेची केंद्रीय संस्था) द्यावे. पंपाचा परवाना तीच संस्था देते आणि तिचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयालाही कळवा. पंपांना मंडळाचे संमतीपत्र घ्यायला लावणारा हरित लवादाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये बदलला असला, तरी व्हीआरएस बसवण्याची अट कायम ठेवली आहे, एवढे पत्रात नमूद करा. “वास येतो” या वाक्याला कोणी दाद देत नाही. तारीख, वेळ, “वाफेचा होज जोडलेला नव्हता” आणि “झाकण उघडे होते” असे लिहा. छायाचित्रे गच्चीवरूनच काढा. माल उतरत असताना मोबाइल घेऊन फिल पॉइंटजवळ जाऊ नका, कारण त्या वेळी जमिनीलगतची हवा ठिणगीने पेट घेण्याइतकी वाफेने भरलेली असू शकते.