मदत हवी आहे: दूधवाल्याची काळी सायकल रोज कामावर न्यायचीये, ब्रेक आणि गिअरचं काय करू?

नमस्कार मंडळी, थोडं लांब होणारे पण सगळं एकदाच सांगतो म्हणजे उत्तर देणाऱ्याला परत परत विचारायला नको.

मी साताऱ्यात राजवाड्याच्या वरच्या अंगाला राहतो आणि एमआयडीसीत टूलरूमला कामाला आहे. सकाळी जाताना पोवई नाक्यापर्यंत पायडल मारायलाच लागत नाही आणि संध्याकाळी पाय दुखत असताना तोच चढ समोर उभा असतो. घरातली स्कूटर बायकोला शाळेत जायला लागते आणि खरं सांगायचं तर मला सायकलच पाहिजे, लहानपणापासून पाहिजे होती तशी, मोठी, काळी, मागे दणकट कॅरियर असलेली.

तशी मिळाली पण. एका दूधवाल्याने मोटरसायकल घेतली आणि त्याची २८ इंची सायकल मी उचलली. फ्रेमला दोरा लावून बघितला, एकदम सरळ आहे. पुढे चेनव्हील ४४ दातांचं, मागे फ्रीव्हील १८ चं. चेनकव्हर पूर्ण बंद आहे, दोन्ही मडगार्ड पत्र्याचे, कॅरियरवर दोन कॅन जायचे म्हणजे माझा डबा, हत्यारं आणि भाजीची पिशवी काहीच नाही. कॉटर (पायडलचा दांडा आसावर धरणारी पाचर) बदलावे लागतील, बीबीचे म्हणजे पायडलच्या आसाचे छर्रे नवीन घातले, हेडसेट (हँडलखालची बेअरिंग) साफ करून ग्रीस भरलं. बसलं की पाठ सरळ राहते आणि खड्डा कळत नाही, हे सुख नवीन सायकलीत मला तरी मिळालं नाही.

प्रॉब्लेम ब्रेकचा आहे. केबलऐवजी लोखंडी रॉडने ओढले जाणारे ब्रेक, स्टीलची क्रोम रिम. कोरड्यात ठीक. रिम ओली झाली की ब्रेक दाबला तरी सायकल आपली जातच राहते, आणि आमच्याकडे जून ते सप्टेंबर काय पाऊस असतो ते सातारकरांना सांगायला नको. उतारावर शाळेची पोरं, रिक्षा, एसटी सगळं एकत्र असतं. अशी सायकल रस्त्यावर काढणं मला पटत नाही, म्हणून अजून अंगणातच आहे.

हाताशी अजून दोन वस्तू आहेत. एक भाच्याची रेंजर टाईप २६ इंची गिअरची सायकल, स्टीलची, पुढे शॉकअप नाही, व्ही-ब्रेक (रिमला दोन्हीकडून दाबणारे, केबलवरचे), मागे ६ गिअर, सगळं चालू आहे फक्त सीट आणि टायर गेलेत. दुसरं भंगारात मिळालेलं एक मागचं चाक. रिम सडलीये पण मधला हब नेहमीपेक्षा जाड आहे, त्यावर इंग्रजीत स्टर्मी-आर्चर, ए डब्ल्यू आणि ६४ ७ असं कोरलंय, आणि एक्सलच्या उजव्या टोकातून बारीक साखळी बाहेर लोंबते. हे गिअरचं काहीतरी आहे एवढं कळतंय, पण चालू आहे का बंद ते कसं बघायचं?

रेंजरची चाकं काळ्या फ्रेममध्ये बसवून व्ही-ब्रेक लावता येतील का? दुकानात विचारलं तर म्हणाले भंगारात टाका आणि नवीन घ्या. तो सल्ला नकोय. लेथ, मिलिंग, व्हर्निअर सगळं आहे माझ्याकडे, स्पेसर नाहीतर पट्ट्या लागल्या तर बनवीन. खर्च ४-५ हजारांपर्यंत चालेल.

प्रतिसाद १

भाऊ, २६ ची चाकं त्या फ्रेममध्ये नका घालू. तुमच्या २८ x १½ टायरच्या रिमवरच्या बैठकीचा व्यास ६३५ मिमी आणि रेंजरचा ५५९. टायरची जाडी धरली तरी सायकल पावणेतीन-तीन सेंटिमीटर खाली बसते, मग वळणावर पायडल रस्त्याला लागणार. आणि व्ही-ब्रेकला फोर्कवर (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यावर) वेल्ड केलेल्या खुंट्या लागतात, त्या काळ्या फोर्कला नसतातच, नवीन वेल्ड करायच्या म्हणजे जुन्या नळीशी खेळ.

माझं मत उलटं आहे. रेंजरची फ्रेम घ्या. ब्रेक आहेत, गिअर आहेत, ॲल्युमिनियमच्या रिम असतील तर पावसातपण थांबते. तिच्यावर काळीचं कॅरियर, डायनॅमो, घंटी आणि रुंद हँडल चढवा, टायर गुळगुळीत घ्या, झाली कामाची सायकल. पुण्यात मी अशीच एक वापरतो.

धागाकर्ता

धन्यवाद दादा, मापांमुळे एकदम क्लिअर झालं, २६ चा विषय संपला. पण रेंजरवर कॅरियर टाकलं तरी पूर्ण चेनकव्हर बसत नाही ना, डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा) आडवा येतो. मला कामाच्या पँटवर जायचंय, चेन उघडी असली की पावसात चिखल आणि पायाला काळं. शिवाय रेंजरवर पुढे वाकून बसावं लागतं. जमत असेल तर काळीच करायची आहे, नाहीच जमलं तर तुमचा मार्ग आहेच.

प्रतिसाद २

तो हब जपून ठेवा हो!! कुणाला देऊ नका. मी कोल्हापूरची, आमच्या आजोबांच्या रॅले सायकलला हाच हब आहे आणि मी अजून चालवते. ए डब्ल्यू म्हणजे ३ गिअरचा हब, नॉटिंगहॅमला १९३६ पासून बनायचा. ६४ ७ म्हणजे १९६४ चा जुलै. सगळे गिअर पोटात असतात त्यामुळे चेन एकाच रेषेत राहते, तुमचं बंद चेनकव्हर तसंच ठेवता येईल.

चालू आहे का ते बघायला केबलपण लागत नाही. साखळी मोकळी सोडा, मागचं दातेरी चक्र बरोबर एक फेरा फिरवा, चाक एक पूर्ण आणि वर तिसरा हिस्सा फिरायला पाहिजे, हा तिसरा गिअर. साखळी अर्धवट ओढून धरली तर फेऱ्याला फेरा, हा दुसरा. पूर्ण ओढली तर चाक पाऊणच फिरेल, हा पहिला, तुमच्या चढाचा. तिन्ही आले तर हब उघडूच नका. हबच्या अंगावर छोटी टोपी असते तिच्यातून आधी रॉकेल घालून फिरवून काढा, मग चमचाभर पातळ मशिनचं तेल. ग्रीस नाही आणि खोबरेल तर अजिबात नाही, आत चिकट होऊन खटके अडकतात.

आता चांगली बातमी, आपल्या काळ्या सायकलींना पुढे ३२ आणि मागे ४० तारा असतात आणि हे जुने हबपण बहुतेक ४० भोकांचे. मोजून बघा. तसं असेल तर तुमचीच मागची रिम त्या हबवर विणता येईल. फक्त ए डब्ल्यूची कड (तारा अडकवायची चकती) मोठी असते म्हणून साध्या हबच्या तारा लांबीला जुळत नाहीत, भंगारच्या चाकातली एक तार काढून त्या मापाच्या नवीन घ्या.

धागाकर्ता

ताई, तुमचा प्रतिसाद वाचला आणि तसाच उठून चाक घेऊन बसलो. रॉकेल घालून तासभर ठेवलं. तिन्ही गिअर आले! पहिल्याला साखळी जरा जड ओढली जाते पण पाऊण फेरा बरोबर येतो, खडूने खूण करून बघितला. भोकं ४०. हबची रुंदी लॉकनट ते लॉकनट ११६ भरली आणि फ्रेममध्ये जागा ११२, म्हणजे हाताने ताणून बसेल असं वाटतं. एक्सलच्या दोन बाजू सपाट आहेत, ते कशासाठी? आणि मागे १८ चंच चक्र ठेवू का?

प्रतिसाद २ (ताई)

४ मिमी काहीच नाही, स्टील आहे, बसेल. त्या सपाट बाजूंवर खास वॉशर बसतात, त्यांची जीभ फ्रेमच्या खाचेत जाते. ते वॉशर नसले तर जोर लागल्यावर एक्सलच फिरते आणि गिअर बिघडतो. भंगारात चाकाबरोबर आले नसतील तर तुम्हीच मिलिंगवर बनवा, पण त्यांच्याशिवाय चालवू नका.

चक्र २२ चं घ्या. हिशोब करून सांगते. ४४ आणि १८ ला सरळ गिअरमध्ये पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण साडेपाच मीटर जाते आणि पहिल्यात ४.१. २२ चं टाकलं की पहिल्यात ३.४, दुसऱ्यात ४.५ आणि तिसऱ्यात ६ मीटर. म्हणजे तिसरा गिअर तुमच्या आजच्या सायकलपेक्षा थोडा जडच राहतो आणि चढाला खरा हलका गिअर मिळतो.

केबल लावताना दुसऱ्या गिअरवर ठेवा, उजव्या नटाला छोटी खिडकी असते तिच्यातून बघा, साखळीच्या दांडीचं टोक आणि एक्सलचं टोक एका पातळीत आलं पाहिजे. हे नीट करा, कारण दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधे एक रिकामी जागा असते, तिथे अडकलं आणि तुम्ही उभं राहून पायडल मारत असाल तर पाय एकदम खाली जातो, लागतं. रेंजरच्या हँडलवरचं गिअरचं खटकं क्लिक नसलेलं असेल तर ते चालेल, तीन जागांवर रंगाचे ठिपके देऊन ठेवा.

प्रतिसाद ३

सगळे गिअरवर बोलताय, पोराने प्रश्न ब्रेकचा विचारलाय. माझं सांगलीत सायकलचं दुकान होतं, आता मुलगा बघतो.

बाळा, गिअर नसला तर माणूस उतरून ढकलतो. ब्रेक नसला तर काय होतं ते मी दुकानात आलेल्या सायकलींवर बघितलंय. तेव्हा पैसे आधी पुढच्या चाकात घाल. ब्रेक मारला की सगळं वजन पुढे येतं, थांबवणारं चाक पुढचंच. मागे ताईंचा हब आणि रॉडचा ब्रेक राहू दे, जोडीला पुरतो. पूर्वी क्रोमसाठी चामडं लावलेले ब्रेकरबर यायचे, ओल्यात बरे धरायचे, मिळाले तर मागे घाल.

पुढे दोन मार्ग. एक, ७०० सी मापाची ॲल्युमिनियम रिम आणि कॅलिपर (फोर्कच्या भोकात बसणारा, रिमला चिमटा घेणारा ब्रेक). ती बैठक ६२२ ची, म्हणजे तुझ्या रिमपेक्षा त्रिज्येत साडेसहा मिमी लहान, फोर्कात आरामात बसते. पण ब्रेकच्या भोकापासून रिम लांब पडते, मग लांब हाताचा कॅलिपर लागतो आणि लांब हात वाकतो, दाब वाया जातो. दुसरा मार्ग ड्रमचा हब, म्हणजे हबच्या आतच ब्रेक. स्टर्मीचेच येतात, ७० मिमीचे आणि ९० मिमीचे, ऑनलाइन मागवावे लागतात, स्वस्त नाहीत, पण ब्रेक बंद डब्यात असतो, पाऊस-चिखल काही संबंध नाही. सुरुवातीला ब्रेक मऊ वाटेल, चालवता चालवता धरतो. तुझ्या उतारासाठी मी ड्रमच सांगीन. पुढचं चाक थोडं लहान झाल्याने सायकल अर्धा अंशपण झुकत नाही, ती काळजी करू नको.

कॉटर बदलतोयस तर दोन्ही बाजूंचे कॉटर उलट दिशेने घाल, एक वरून एक खालून, नाहीतर दोन पायडल एका रेषेत येत नाहीत. ठोकताना क्रँकखाली (पायडलच्या दांड्याखाली) लोखंडी पाइपचा टेकू दे, नाहीतर मार छर्ऱ्यांवर जातो. थोडं चालवून नट परत आवळ.

धागाकर्ता

काका, मानलं. ड्रमचंच करतो, ७० चा का ९० चा? आणि रेंजरचा ब्रेकचा लिव्हर वापरता येईल का, हँडलचा पाइप दोन्हीकडे ७/८ इंचच आहे. फोर्कमध्ये आतली जागा ९३ आहे.

प्रतिसाद ३ (काका)

ड्रमचा हब १०० चा असतो, फोर्क दोन्हीकडून सारखा ताण, एकाच पायावर जोर देऊ नको, नंतर दोरा लावून बघ. तू दणकट असशील आणि कॅरियर भरून जात असशील तर ९० चा, नाहीतर ७० पुरे.

रेंजरचा लिव्हर नाही चालणार. व्ही-ब्रेकचा लिव्हर केबल जास्त ओढतो आणि जोर कमी देतो, ड्रमला उलटं पाहिजे. व्हर्निअरने बघ, लिव्हरच्या पिनपासून केबलच्या गुंडीपर्यंत ३५ च्या पुढे भरलं तर तो व्ही-ब्रेकचा. ३० च्या आतला घे, साध्या कॅलिपरच्या सायकलींना येतो तो, कुठल्याही दुकानात मिळेल.

धागाकर्ता

मोजला, ३७ आला, बाद. साधा लिव्हर आजच घेतला. वजन माझं ८२, वर कॅरियर, म्हणून ९० चाच ३६ भोकांचा मागवतोय, बजेट वाढलं तरी चालेल, बायको पण म्हणाली ब्रेकला पैसे वाचवू नका. रिम ३६ भोकांची ७०० सीची इथेच मिळाली.

आता एकच राहिलं. ड्रमच्या हाताचं टोक फोर्कला बांधायला जी पट्टी लागते ती मीच बनवतो. माझ्याकडे २ मिमी आणि ३ मिमी दोन्ही पट्ट्या आहेत, कुठली घेऊ? आणि फोर्कचा पाय तिथे अंडाकृती आहे, त्याच आकारात वाकवू ना?

प्रतिसाद ३ (काका)

३ ची. फोर्कच्या आकारातच वाकव, आतून जुन्या ट्यूबचा तुकडा घाल म्हणजे रंगपण जाणार नाही आणि पट्टी फिरणारपण नाही. फोर्कला भोक पाडायचं नाही, वेल्डपण नाही. नट नायलॉकचाच (आत नायलॉनची कडी असलेला, सैल न होणारा) वापर, आणि पहिल्या आठवड्यात रोज सकाळी निघायच्या आधी त्याला पाना लावून बघ.